डोळे शेवटी

२८ एप्रिल

भिंत मला मिळाली. गल्लीच्या सभेत हात वर झाले, मोजायचीही गरज पडली नाही.

इतकी वर्षं मी दुसऱ्यांच्या भिंतींवर अक्षरं भरली, दुसऱ्यांच्या झेंड्यांना दुसरा हात दिला, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता ही कोपऱ्यावरची भिंत, हेझल गॉल्टच्या घराची, तळापासून धुराड्यापर्यंत माझी. तिच्यावरचा बुरखेवाला बंदूकधारी जाणार आणि त्याच्या जागी लिननच्या गिरणीतल्या बायका येणार. चित्र माझ्या डोक्यात पूर्ण तयार आहे. मी हे करू शकते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी असं वाक्य लिहायला बरं वाटतं.

आयव्हन पर्डी उभा राहिलाच. एके काळी त्याच्या शब्दावर गल्लीतली दुकानं बंद व्हायची. आता गुडघा बदललाय, पण आवाज तोच. "बुरखेवाला गेला तर पलीकडचे म्हणतील, आम्ही शेपूट घातली."

हेझल म्हणाली, "पलीकडचे राहू देत, तुझी बायको काय म्हणते ते बघ. पहिला हात तिनेच वर केलाय. आणि तो बंदूकवाला माझ्या न्हाणीघराला टेकून उभा आहे, आयव्हन, तुझ्या नाही."

एकच अट निघाली, ती मला आधीच ठाऊक होती. ज्याने भिंत रंगवली त्याची हो असल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. त्याने, आणि तो नसेल तर त्याच्या घरच्यांनी. आमच्याकडे कायदे पुष्कळ मोडले गेले, हा नाही.

बुरखेवाला माझ्या बाबांनी रंगवला होता. ते शेवटच्या रांगेत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले होते. सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. ते म्हणाले, "बघू."

३० एप्रिल

सकाळी बाबांकडे गेले. सोडाब्रेड तव्यावर परतला, अंडी फोडली.

"बाबा, सांगून टाका ना. हो की नाही?"

"चहा पातळ झालाय."

"बाबा."

"त्याच्या जागी कोण म्हणालीस?"

"गिरणीतल्या बायका. आईसुद्धा होतीच की गिरणीत. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे तुला," ते म्हणाले. रागाने नाही. मग अंड्याचा बलक ब्रेडने पुसत बसले.

आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते. तिचे फोटो आहेत, पण एकातही डोळे उघडे नाहीत. कॅमेरा समोर आला की ती मिटायचीच. मर्टल मावशी म्हणते, लग्नाच्या फोटोत थेल्मा झोपेतच लग्न करतेय असं वाटतं. ते राखाडी होते की निळे, हे मी बाबांना लहानपणी विचारलं होतं. म्हणाले, "डोळ्यांसारखे डोळे होते." बाबांकडून एवढंच निघतं.

४ मे

रंगाच्या दुकानात ब्रोना भेटली. ती पलीकडची, कॅथलिक वस्तीतली; आम्ही प्रॉटेस्टंट. त्यांच्या भिंती ती रंगवते, आमच्या मी, आणि रंग दोघी एकाच दुकानातून घेतो, कारण बेलफास्टभर बाहेरच्या भिंतींचा चांगला रंग तिथेच मिळतो. दुकानदार म्हणतो, जुलैत निळा संपतो आणि ईस्टरला हिरवा, मला दोन्ही देव सारखे.

तिला सगळं सांगितलं. तिने लगेच विचारलं, "म्हाताऱ्याची हो घेतलीस?"

"घेतेय."

"घे. आमच्याकडे एकाने विचारलं नाही. ज्याची भिंत होती त्या चितारणाऱ्याची विधवा रोज भिंतीखाली खुर्ची टाकून बसायची. पोराचा हातच चालेना, बाई! परांची उतरवून गेला." मग म्हणाली, "तुझा बुरखेवाला मी जवळून कधी पाहिलेला नाही. नेहमी गाडीतून, काचा वर करून."

रविवारी ये म्हटलं.

६ मे, रविवार

ब्रोना आली. गल्लीत शिरताना मी तिला बेथ केलं; ब्रोना म्हटलं की पलीकडची हे लगेच कळतं. "बेथ काय, लग्नात न शोभणाऱ्या आत्येसारखं नाव," ती कुजबुजली. हेझलने दारातूनच हात हलवला आणि "चहा घेणार का, बेथ?" असं इतक्या गोड आवाजात विचारलं, की तिने ओळखलंय हे आम्हा दोघींनाही कळलं.

ब्रोना भिंतीसमोर बराच वेळ मान वर करून उभी राहिली. काळा बुरखा, काळं जाकीट, बंदूक, दोन्ही बाजूंना झेंडे. ऊन-पावसाने सगळं विटलंय. डोळे तेवढे नवे. बाबा दर जूनमध्ये शिडीवर चढून फक्त डोळे पुन्हा रंगवायचे. बाकीचं पोरांवर सोडायचे. मागच्या दोन वर्षांत मात्र त्यांना चढता आलेलं नाही.

"लोर्ना," ती हळूच म्हणाली, "ह्या माणसाला पापण्या फार आहेत."

"म्हणजे?"

"ही नजर नेम धरणाऱ्याची नाही. दूध उतू जातंय का बघणाऱ्याची आहे."

मी हसले. बाबांना डोळे चांगले जमतात एवढंच. मला स्वतःला त्या चित्राची कधी भीती वाटली नाही. शाळेतल्या पोरी त्याच्या खालून पळत जायच्या आणि मी रमतगमत. चितारणाऱ्याची मुलगी म्हणून असेल.

१२ मे

बाबांनी हो म्हटलं! पण त्यांच्या पद्धतीने.

"बंदूक काढ. झेंडे काढ. जाकीट काढ, बुरखा काढ. डोळे शेवटी. मी सांगेन तेव्हा."

"असं का?"

"मी रंगवलेत म्हणून."

मी मान्य केलं. म्हाताऱ्या माणसाला जुन्या दिवसांतलं काहीतरी धरून ठेवायचं असतं. बुरखेवाल्यांच्या त्या बंदूकधारी संघटनेबद्दल त्यांना कधी प्रेम होतं असं मला वाटलं नव्हतं, पण माणसाच्या आत काय असतं ते कोणाला दिसतं? वाईट वाटलं थोडं. त्यांच्याबद्दल मी काही वेगळं समजत होते.

असो. आमच्या प्रॉटेस्टंटांच्या बारा जुलैच्या मिरवणुकीआधी भिंत पुरी व्हायला हवी. परांची तोपर्यंतच आपली आहे.

२२ मे

परांची उभी राहिली. भिंत खरवडली, धुतली, खालून वर अस्तराचा पांढरा हात सुरू केला. बंदूक गेली. खांदे सगळे दुखताहेत आणि मी खूश आहे.

बाबा रोज येतात. समोरच्या फुटपाथवर घडीचं स्टूल टाकून बसतात, टोपी डोळ्यांवर ओढून, जणू क्रिकेट बघताहेत. "कोपरा राहिला." "रोलर कोरडा पडलाय." आज हेझल त्यांना म्हणाली, "मर्विन, मुलगी चाळिशीची झाली, तिला कोपरे दिसतात." बाबा म्हणाले, "दिसतात. पण पोचत नाही तिथे ती."

दुपारी आयव्हन आला. मला वाटलं, धमकी देणार. तो खाली उभा राहून डोळ्यांकडेच बघत होता.

"तुला माहीत आहे ना, ते माझे आहेत?"

"काय तुझं आहे?"

"डोळे, गं. मर्विनने मला बघूनच काढले. आमच्या मागच्या अंगणात तासभर उभा होतो मी, लोकरी बुरख्यात, ऐन उन्हाळ्यात. घामाने भिजलो होतो."

मी समोर पाहिलं. बाबा बुटाची नाडी बांधत होते. बांधलेलीच होती ती.

आयव्हन रोज सकाळी वर्तमानपत्र आणायला जाताना ह्या कोपऱ्यावर दोन बोटं कपाळाला लावतो. सवयच आहे. आज, नुसते डोळे आणि अर्धा बुरखा उरलेल्या त्या भिंतीलाही त्याने ती लावली.

२ जून

भिंत पांढरी झाली. दोन डोळे तेवढे राहिलेत, वर, धुराड्याच्या खाली.

सकाळी आले तर खाली काळ्या फवाऱ्याने लिहिलेलं: "तो आमचा आहे." अक्षर चांगलं होतं. हेझल चपला घालून धावत बाहेर आली. "पोलिसांना सांगू?" मी म्हटलं, पोलिस काय करणार, माझ्याकडे रोलर आहे. न्याहारीच्या आत पुसून टाकलं. 

बाबा आले तेव्हा ओला डाग तेवढा उरला होता. काय लिहिलं होतं ते हेझलने सांगितलं. त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि शपथेवर सांगते, ते हसले.

५ जून

हेझल वैतागली आहे. "बंदूकवाला होता तेव्हा निदान शरीर होतं त्याला. आता पांढऱ्या भिंतीतून कोणीतरी नुसतंच बघतंय. काल पाववाला उलटा चालत गेला गाडीकडे."

खरं आहे. मी बाबांना विचारलं, कधी? म्हणाले, "सांगेन." काल विचारलं, आज विचारलं. सांगेन. चित्रात डोळ्यांच्या जागी गिरणीचं छप्पर यायचंय आणि त्याच्याखाली बायकांची रांग. अस्तर कसंही चालतं, पण चित्र वरून सुरू केल्याशिवाय खाली येता येत नाही, रंग ओघळतो. हे त्यांनीच मला शिकवलं.

९ जून

आज भांडलो. गल्लीत, सगळ्यांसमोर.

मी परांचीवरून ओरडले, "बाबा, कोणासाठी सांभाळताय हे? आयव्हनसाठी? त्या लोकांनी ह्या गल्लीचं काय भलं केलं?"

ते स्टुलावरून उठले. उठायला वेळ लागतो त्यांना, तेवढ्यात माझा राग निम्मा उतरला. "त्या लोकांसाठी मी ह्या शिडीवर एकदा चढलो," ते म्हणाले, "तेही त्यांनी चढवलं म्हणून. पुढे दरवर्षी चढलो तो त्यांच्यासाठी नाही." आणि स्टूल उचलून घरी गेले.

मग कोणासाठी, हे मी विचारेपर्यंत ते थांबले नाहीत.

मी तिथेच वर बसून राहिले, डोळ्यांसमोर. इतक्या जवळून मी ते कधी नीट पाहिलेच नव्हते. माझ्या हाताएवढा एकेक. सुरेख काम आहे. राखाडी, पण त्यात किंचित हिरवं. बाहुलीभोवती गडद कडा. खालच्या पापणीवर ओलसर उजेड. डाव्या डोळ्यात खाली एक तपकिरी ठिपका आहे. रंगाचा शिंतोडा उडाला असावा, आणि दरवर्षी त्यांनी त्याच्यावरही पुन्हा पुन्हा रंग दिला असावा. इतके चांगले डोळे मला येत नाहीत. मान्य करते. मला हात येतात, कापड येतं, उजेड येतो. डोळे असे येत नाहीत.

आणि मग मला सुचलं. पुसायचेच कशाला? रांग नको, छप्पर नको. एकच बाई. भिंतभर एक गिरणीतली बाई, डोक्याला रुमाल, खांद्यावर सुताच्या गुंड्या, आणि हे डोळे तिचे. पांढऱ्या भिंतीत आधीच आहेत ते. आपण फक्त माणूस भरायचा.

खाली उतरून हेझलच्या दारावर थाप मारली. ती म्हणाली, "बुरखा सोडून काहीही घाल गं तिला."

१० जून, रविवार

बाबांकडे गेले. सांगितलं. डोळे राहतील, त्यांच्याभोवती बाई होईल.

ते कप हातात धरून बसले. चहावर साय धरली.

"नाक कोणाचं?"

"माझंच. दुसरी कोण बसणार माझ्यासमोर? आरसा आहे घरी. नाक, हनुवटी, ओठ, सगळं माझंच ढापते. जरा तरुण करून."

ते उठून मागच्या खोलीत गेले. मला वाटलं, रागावले. परत आले ते मुरंब्याची बरणी घेऊन. झाकणाला प्लास्टिक बांधलेलं. आत तो राखाडी.

"ह्यात काही मिसळू नकोस. नुसता ढवळ. तुला जमणार नाही हा रंग करायला."

"बरं."

"आणि तो ठिपका राहू दे."

"बाबा, तो शिंतोडा आहे."

"शिंतोडा नाही."

हट्टी माणूस. पण बरणी मिळाली.

१७ जून

सुकं ऊन पडलंय, असा जून आठवत नाही. रुमाल झाला, कपाळ झालं. काम धावतंय. सकाळी कुंचला हातात घेतला की दुपार कधी होते कळत नाही, आणि जे डोक्यात आहे तेच भिंतीवर उतरतं. असं आयुष्यात फार वेळा होत नाही.

एक गंमत. नाक माझं म्हणून काढलं, पण त्या डोळ्यांखाली ते माझं दिसत नाही. ओठही तसेच. आरशात बघून बघून काढले आणि भिंतीवर कोणीतरी दुसरीच होत चालली आहे. परांचीला आता जाळी बांधलीय, त्यामुळे खालून कोणाला काही दिसत नाही. बाबा विचारतात, "कुठवर आली?" मी म्हणते, हनुवटीवर. ते मान हलवतात, आजाऱ्याची खबर विचारल्यासारखी.

२४ जून, रविवार

परांची उतरली.

गल्ली जमली होती. हेझलने टाळ्या वाजवल्या, आयव्हनच्या बायकोने डोळे पुसले, म्हणाली आमची आई अशीच रुमाल बांधायची. जो तो बोलत होता. मी बाबांकडे बघत होते.

ते स्टुलावर बसलेच नाहीत. टोपी काढून दोन्ही हातांत धरली आणि भिंतीसमोर गेले, अगदी जवळ नाही, एखाद्याच्या दारात उभं राहावं तितकं लांब.

"थेल्मा," ते म्हणाले.

मी त्यांचा दंड धरला. "बाबा, मी लोर्ना."

"तू कोण ते मला माहीत आहे."

उन्हात फार वेळ उभे होते. वय झालंय, नावांची सरमिसळ होते. घरी नेलं, पडदे ओढले, चहा केला. चेहरा मात्र थकलेल्या माणसाचा नव्हता.

२५ जून

दुपारी मर्टल मावशी बसमधून उतरली. तिला काहीच माहीत नव्हतं, भिंतीबद्दल फक्त ऐकलं होतं. मी आणि बाबा भिंतीसमोर होतो. हातात बटाट्यांची पिशवी, ती वळणावरून आली, वर पाहिलं, आणि पिशवी हळूच खाली ठेवली. बटाटे गटाराकडे निघाले. तिने पाहिलंही नाही.

"मर्विन, मेल्या," ती म्हणाली. "इतकी वर्षं तिला इथे ठेवलं होतंस?"

बाबा बटाटे गोळा करत होते.

"तो ठिपका!" मावशी मला म्हणाली. "डाव्या डोळ्यात. आमची आई म्हणायची, चहाचा थेंब उडालाय थेल्माच्या डोळ्यात. अगं, तुला ठाऊक नव्हतं?"

मला ठाऊक नव्हतं. मी त्या डोळ्यांना हाताने शिवले होते, त्यांच्याभोवती नाक, ओठ, गाल बसवले होते. माझे. तिचे.

बाबा फुटपाथच्या कडेवर बसले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"ते लोक आले, म्हणाले, बुरखेवाला काढ. नाही म्हणायची सोय नव्हती, तू अकरा वर्षांची होतीस. आयव्हनला उभं केलं मी अंगणात, पण त्याच्या डोळ्यांत काढण्यासारखं काही सापडेना. आणि मला एकाच माणसाचे डोळे पाठ होते. तेही पुसट व्हायला लागले होते. फोटोत तर तू बघतेसच. म्हटलं, विसरायच्या आत कुठेतरी काढून ठेवू."

"घरात काढायचे होते, बाबा."

"घरात तू रडली असतीस. मीही. आणि अख्ख्या शहरात एवढी सुरक्षित जागा दुसरी कुठे होती? बुरखेवाल्याला हात लावायची छाती होती कोणाची?"

मावशी हसायला लागली, रडता रडता. मग मीही. आयव्हन वर्तमानपत्र घेऊन चालला होता. तो थांबला, ऐकलं, वर पाहिलं, पुन्हा ऐकलं.

"म्हणजे मी रोज सकाळी सलाम ठोकत होतो तो..."

"माझ्या बायकोला," बाबा म्हणाले. "तिला आवडला असता. जिवंतपणी तू तिला कधी साधं गुड मॉर्निंग केलं नाहीस."

मी आयव्हनकडे पाहत राहिले. तो भडकेल असं वाटलं. त्याने वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, परत घडी केली. "मर्विन, पबमध्ये सांगू नकोस हां," एवढंच म्हणाला.

१२ जुलै

फुटपाथच्या कडा लाल-पांढऱ्या-निळ्या रंगवलेल्या, ढोल सकाळपासून. मिरवणूक आमच्या कोपऱ्यावरून वळते. ब्रोनाचा मेसेज आला: "आज येऊ शकत नाही, कारण उघड आहे. बेथकडून तुझ्या आईला नमस्कार."

पथकं येत गेली, बासऱ्या, पट्टे, पांढरे हातमोजे. आयव्हन मिरवणुकीचा नारिंगी गळपट्टा घालून तिसऱ्या रांगेत, नव्या गुडघ्यावर ताठ. कोपऱ्यावर आला तसा सवयीने हात वर गेला. अर्ध्यावर थबकला. त्याचा चेहरा गळपट्ट्यासारखा नारिंगी झाला. मग, मागचे लोक त्याच्यावर आपटायच्या आत, त्याने तो सलाम पुरा केला.

बाबांनी स्टुलावरूनच टोपीला हात लावला, तिच्या वतीने.

राखाडीची बरणी माझ्या कपाटात आहे. पुढच्या जूनपासून मी चढायचं असं ठरलंय. रंग कसा करायचा ते ह्या हिवाळ्यात शिकवणार आहेत.

मिरवणूक संपल्यावर आयव्हन घाम पुसत परत आला आणि म्हणाला, उभे राहा दोघं तिच्याखाली, फोटो काढतो. आम्ही उभे राहिलो. त्याला मागे सरकावं लागलं, पार रस्त्याच्या पलीकडच्या कडेपर्यंत, तेव्हा कुठे ती मावली. "हसा," तो ओरडला, "आणि डोळे मिटू नका!"

रात्री फोटो मोठा करून बघितला. बाबांनी मिटलेत. मीही मिटलेत. आईचे उघडे आहेत.